जुने जोते, नवे घर

नवे घर बांधावयाचे ठरले, की आपल्याकडे पहिला प्रश्न पैशाचा निघतो आणि दुसरा मुहूर्ताचा. तिसरा प्रश्न, जुने घर उतरवून त्याच जागी नवे उभारावयाचे असेल त्यालाच पडतो : जमिनीखालच्या पायाचे काय करावयाचे? तो उकरून टाकावा, की त्याच्यावरच नव्या भिंती चढवाव्या? बंगळूर शहरात हा प्रश्न आज घरोघर ऐकू येतो. 1898 च्या प्लेगच्या दिवसांत बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या नव्या वस्त्या आखल्या गेल्या. त्यांतली कौलारू, बैठी घरे एकेक करून नाहीशी होत आहेत आणि तेथे तीन-तीन, चार-चार मजल्यांच्या इमारती उठत आहेत.

पाया आणि जोते यांत मराठीने चांगला भेद केला आहे. जमिनीखाली असतो तो पाया. जमिनीवर, घराच्या भुईपर्यंत दिसते ते जोते. कानडीत पायाला ‘अडिपाय’ म्हणतात. म्हणजे या एका शब्दापुरते तरी आपल्याला सीमा ओलांडल्यासारखे वाटत नाही. आपल्या जुन्या वाड्याचा भार मुख्यतः लाकडी खांबांवर असे. खांब उभा राहावयाचा तो दगडी तळखड्यावर, आणि दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. घराचे मापच खणांत सांगत : कोणाचे तीन खणी, कोणाचे पाच खणी. आग लागली किंवा वाळवीने तुळया पोखरल्या, तरी जोते आणि तळखडे जागच्या जागी राहत. त्यांच्यावर नवे खांब उभे केले, की घर पुन्हा पूर्वीच्याच मापाचे होई. नव्या घराचा नकाशा अशा वेळी जुन्या दगडांनी अगोदरच काढून ठेवलेला असे!

पण प्रत्येक जोत्याच्या नशिबी दुसरे घर असतेच असे नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया थोरल्या बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 रोजी, शनिवारी घातला. वास्तुशांत 22 जानेवारी 1732 ला झाली. 1828 च्या फेब्रुवारीअखेर लागलेल्या आगीत आतले लाकडी महाल गेले. तट राहिला, दिल्ली दरवाजा राहिला, आणि आत राहिली ती जोती. त्यांच्यावर पेशव्यांचे घर पुन्हा उठावयाचे नव्हते, कारण 1818 नंतर तेथे राहणारा पेशवाच उरला नव्हता. म्हैसुरास मात्र निराळे घडले. 1897 मध्ये तेथला जुना लाकडी राजवाडा जळाला, पण राजघराणे नांदते होते. म्हणून हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे त्याच जागी नवा राजवाडा उठला आणि 1912 मध्ये पुरा झाला. जोत्यावर पुन्हा घर चढते की नाही, हे दगडाच्या बळकटीइतकेच मालकाच्या दैवावरही अवलंबून असते.

बंगळूरचा इतिहास या दृष्टीने मोठा बोलका आहे. 1537 मध्ये पहिल्या केंपेगौडाने मातीच्या तटाचे हे गाव वसविले. 1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेने ते घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन करतो. राजवाड्यांनी 1922 मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा मराठी वाचकांना या कर्नाटकी संसाराची खरी ओळख झाली. राजांचे वास्तव्य जेथे होते, त्या घराचे जोते दाखवा म्हटले तर मात्र आज बोट ठेवावयास जागा नाही. त्या घराण्याचा दगडात उरलेला ठसा पाहावयाचा, तर मल्लेश्वरमच्या काडुमल्लेश्वराच्या देवळात जावे. व्यंकोजीराजांच्या दानाचा 1669 चा शिलालेख तेथे आहे. पुढे व्यंकोजींनी तीन लाखांना हे शहर म्हैसूरच्या चिक्कदेवराजास देऊ केले. तो व्यवहार पुरा होण्यापूर्वीच, 1687 मध्ये, मोगलांचा कासिमखान शहरात शिरला, आणि अखेर त्याच्याकडून ते चिक्कदेवराजाकडे गेले. धनी बदलले, तरी कचेरीतल्या हिशेबाची मराठी म्हैसूर राज्यात एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. कागदपत्रांत आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला शहाजीराजांचा हाच पाया अधिक खोल गेलेला वाटतो.

1761 मध्ये हैदरअलीने मातीचा किल्ला दगडी करावयास घेतला. आत त्याने 1781 च्या सुमारास आरंभिलेला महाल टिपूने 1791 मध्ये पुरा केला. त्याच वर्षी 21 मार्चला कॉर्नवॉलिसने किल्ला घेतला. पुढे किल्ल्याचा बहुतेक तट पाडला गेला. महाल मात्र उभा राहिला, कारण इंग्रजांनी त्यात आपली कचेरी थाटली. 1868 मध्ये ती अठारा कचेरीत हलली. आजही तेथले सागवानी खांब दगडी बैठकांवर उभे दिसतात. वाड्यांत वाढलेल्या माणसाला ते पाहून परके वाटत नाही.

हा सगळा प्रपंच सांगण्याचे कारण असे, की लाकडी घराचा भार आणि सिमेंट-काँक्रीटच्या घराचा भार यांत मोठे अंतर आहे. बसवनगुडीतल्या जुन्या घराला खांबच नव्हते. भिंतींच्या खाली दगडाचा सलग पट्टा होता, आणि एका मजल्याचे व कौलांचे ओझे त्या पट्ट्यावर सारखे पसरत असे. आजच्या इमारतीत चार मजल्यांचे ओझे मोजक्या खांबांतून ठरावीक ठिकाणी उतरते. जुना पट्टा कितीही निकोप असला, तरी तो या कामासाठी घातलेला नाही. घर पुन्हा बैठे, भिंतीवरच तोललेले बांधावयाचे असेल आणि नव्या भिंती जुन्यांच्याच रेषेत येत असतील, तर मात्र तो उकरणे म्हणजे पैसा मातीत घालणे.

अर्धा पाया जुना ठेवून अर्धा नवा जोडावा, हा मधला मार्ग मला सर्वांत धोक्याचा वाटतो. जुना पाया शंभर वर्षांत बसावयाचा तेवढा बसलेला असतो. नवा अजून बसावयाचा असतो. नवा खाली जातो, जुना हलत नाही, आणि सांध्यावर भिंत तडकते.

बंगळूरची भूमी एकंदरीत कठीण. लालबागेत उघडा पडलेला खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा, आणि केंपेगौडाच्या मनोऱ्यांपैकी एक त्याच्यावरच उभा आहे. परंतु या शहरात तळीही पुष्कळ होती. आजचे मध्यवर्ती बसस्थानक धर्मांबुधी तळ्याच्या पोटात आहे. आपले घर खडकावर आहे की बुजविलेल्या तळ्यावर, हे जोत्याकडे पाहून कळत नाही. म्हणून जुने घर उतरविण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी भिंतीला लागून खड्डे घ्यावेत, पायाच्या तळापर्यंत जावे, त्याची रुंदी व खोली मोजावी, दगडांतला चुना नखाने उकरतो का ते पाहावे, आणि खालची माती अभियंत्याला दाखवावी. पावसाळा सरताच हे केले, तर पाणी किती वर येते तेही त्याच खड्ड्यात दिसते.