गेटच्या आतली किंमत

‘कंपनीच्या माणसाला गाडी स्वस्तात मिळते.’ कर्जत-खोपोली भागात हे वाक्य कुणी ना कुणी बोलतंच. वाक्य साधं आहे, पण त्यात दोन प्रश्न दडलेत. स्वस्तात म्हणजे नेमकं कशापेक्षा स्वस्तात? आणि कंपनीचा माणूस म्हणजे कोण? गेल्या साठेक वर्षांत दोन्हींची उत्तरं बदलली आहेत. आजच्या लेखात तेच बघू.

आधी नकाशा. कर्जतहून मुंबईच्या दिशेला गेलं की कुर्ला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तिथल्या कारखान्यात फियाट आणि पुढे पद्मिनी बनायची. उलट दिशेला घाट चढून गेलं की आकुर्डी, म्हणजे बजाजची स्कूटर. आणि मधे, खालापूर तालुक्यात, खोपोलीचा महिंद्रा युजिनचा पोलाद कारखाना. त्याचं मिश्र पोलाद वाहन उद्योगाला लागायचं. म्हणजे हा सगळा पट्टा गाड्यांच्या कारखान्यांनी वेढलेला. पण गाडी घ्यायची म्हटलं, की इथल्या माणसालाही इतरांसारखंच रांगेत उभं राहावं लागे.

ही रांग सरकारी होती. १९५९ मध्ये मोटारींच्या वितरण आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश निघाला, पाठोपाठ १९६० मध्ये स्कूटरसाठीही. डीलरकडे नाव नोंदवायचं आणि नंबर लागेपर्यंत थांबायचं. बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं थांबले. किमतीवरही सरकारची नजर होती. मोटारींच्या बाबतीत १९६९ मध्ये तर ती थेट कायद्यानेच ठरवली गेली. पण मागणी जास्त आणि गाड्या कमी, त्यामुळे बाहेर वेगळाच भाव चाले. त्या वरच्या पैशाला ‘ऑन’ म्हणत.

आता यात सवलत कुठे होती? काही गाड्या सरकारी कोट्यासाठी राखून ठेवलेल्या असत. त्यात नाव लागलेल्या माणसाच्या बिलावर एक रुपयासुद्धा कमी व्हायचा नाही. तरी त्याचा फायदा मोठा होता. समजा ठरलेली किंमत १०० रुपये आहे आणि बाजारात तीच गाडी १३० ला जाते. कोट्यातल्या माणसाला ती १०० ला, आणि तीही लवकर मिळाली. म्हणजे ३० रुपयांची सवलत त्याच्या खिशात आली, फक्त ती कुठे लिहिलेली नव्हती. म्हणूनच नवी मोटार घेतल्यावर दोन वर्षांच्या आत परवानगीशिवाय विकायची नाही, असं बंधन होतं. नाहीतर कोट्यातून घेतलेली गाडी दुसऱ्याच दिवशी ऑन घेऊन विकली गेली असती. थोडक्यात, टंचाईच्या काळात सवलत म्हणजे रांगेतली जागा.

चित्र बदलायला वेळ लागला. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची चावी दिली गेली. तो ग्राहकसुद्धा सोडतीने निवडलेला होता, म्हणजे रांग होतीच. १९९३ मध्ये मोटार उत्पादनाचं परवानाराज संपलं, नव्या कंपन्या आल्या आणि हळूहळू ग्राहकाने थांबण्याऐवजी शोरूमच ग्राहकाची वाट बघू लागलं. तेव्हा कुठे सवलत बिलावर छापली जाऊ लागली.

आज ती साधारण तीन प्रकारे मिळते. पहिला प्रकार कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी. गाडी डीलरकडूनच येते, पण किंमत कंपनी ठरवते आणि डीलरच्या तुटीची भरपाई करते. दुसरा म्हणजे ‘कॉर्पोरेट डिस्काउंट’. बँक, सरकारी खातं किंवा यादीतल्या एखाद्या कंपनीचं ओळखपत्र आणि पगाराची स्लिप दाखवली की ठरावीक रक्कम कमी होते. तिसरा लष्करी कँटीनचा, म्हणजे सीएसडीचा. इथली सवलत मुख्यतः करातून येते. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सीएसडीला भरलेल्या करापैकी निम्मा परत मिळण्याची सोय ठेवली गेली. आणखी एक बारकावा: स्वतःच्याच मालकाकडून सवलतीत घेतलेली वस्तू आयकराच्या हिशोबात पगाराचाच भाग ठरू शकते.

मग ही किंमत सगळ्यांनाच दिली तर? अमेरिकेत हा प्रयोग झाला. जून २००५ मध्ये जनरल मोटर्सने कर्मचाऱ्यांचा भाव सर्व ग्राहकांना लागू केला. त्या महिन्यात कंपनीची विक्री आदल्या वर्षीच्या जूनपेक्षा ४१ टक्के वाढली. फोर्ड आणि क्रायस्लर लगेच मागोमाग आल्या. पण पुढच्या महिन्यांत घेणारे लोक आधीच घेऊन मोकळे झाले होते आणि शरद ऋतूत विक्री आपटली. गेटच्या आतली किंमत बाहेर आली, की ती नुसती ‘सेल’ होते. एप्रिल २०२५ मध्ये आयात शुल्काच्या गोंधळात फोर्डने हाच फंडा पुन्हा काढला.

म्हणून माझ्या मते कळीचा प्रश्न किमतीचा नाही, गेटचा आहे. आज खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत रोज आत जाणाऱ्यांपैकी कितीतरी जण ठेकेदाराच्या पगारावर असतात. काम तेच, शिफ्ट तीच, पण पगाराच्या स्लिपवर नाव ठेकेदाराचं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कँटीन, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार यांची अंतिम जबाबदारी मुख्य मालकावर टाकली. गाडीवरची सवलत मात्र कुठल्याच कायद्यात नाही. ती कंपनीची मर्जी, त्यामुळे रेघ कुठे ओढायची हेही कंपनीच ठरवते.

पूर्वी कोट्याच्या यादीवरून कळायचं की सरकार कुणाला आपलं मानतं. आज सवलतीच्या फॉर्मवरून कळतं की कंपनी कुणाला आपलं मानते. तो फॉर्म कधी हातात आला तर सवलतीच्या आकड्याआधी ‘पात्रता’ हा रकाना वाचा. कामगारांचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यात जास्त सापडतं.