एंट्रीपॉइंट (जीडब्ल्यूटी)

गूगल वेब टूलकिट, म्हणजेच जीडब्ल्यूटी, वापरून जावात लिहिलेले ॲप्लिकेशन ब्राउझरमध्ये ज्या क्लासपासून सुरू होते तो क्लास. तसेच त्या क्लासला लागू करावा लागणारा त्याच नावाचा इंटरफेस. ब्रूस जॉन्सन व जोएल वेबर यांनी उभा केलेला जीडब्ल्यूटी हा साधनसंच गूगलने मे २००६ मध्ये प्रसिद्ध केला.

नेहमीचा जावा प्रोग्रॅम ‘मेन’ मेथडपासून सुरू होतो. इथे तसे होत नाही, कारण जावा कोडचे आधीच जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर झालेले असते. ‘मेन’चे काम इंटरफेसमधली एकमेव मेथड करते : ‘ऑनमॉड्यूललोड’. ती काही घेत नाही, काही परत करत नाही. क्लासचा ऑब्जेक्ट जीडब्ल्यूटी स्वतः तयार करते, म्हणून त्याचा कन्स्ट्रक्टर विनापॅरामीटर असावा लागतो.

मांडणी तीन ठिकाणी जुळवावी लागते. क्लास ‘क्लायंट’ या उपपॅकेजात ठेवतात. वेगळे काही सांगितले नसेल तर कंपायलर तेवढेच पॅकेज वाचतो. मॉड्यूलच्या, म्हणजे एकत्र कंपाइल होणाऱ्या कोडच्या गटाच्या, एक्सएमएल फाइलमध्ये ‘एंट्री-पॉइंट’ टॅगखाली क्लासचे पॅकेजसकट पूर्ण नाव येते. यजमान एचटीएमएल पानावर मॉड्यूलच्या नावाची ‘नोकॅश’ स्क्रिप्ट जोडली जाते. ही छोटी स्क्रिप्ट ब्राउझर ओळखते आणि त्याच्यासाठी तयार केलेली आवृत्ती मागवते. मॉड्यूलला ‘रिनेम-टू’ने दुसरे नाव दिले आणि पानावर जुनेच राहिले, तर पान कोरे दिसते आणि जावाची एकही त्रुटी उमटत नाही. नवशिक्यांचा बराच वेळ इथे जाऊ शकतो.

पानाचा डॉम (ब्राउझरने बांधलेली पानातील घटकांची रचना) तयार झाला की ‘ऑनमॉड्यूललोड’ चालते. चित्रे उतरेपर्यंत ती थांबत नाही. पानातील घटक आयडीवरून मिळवून देणाऱ्या ‘रूटपॅनेल’कडे पानात नसलेला आयडी मागितला तर ‘नल’ मिळते. एका मॉड्यूलला अनेक एंट्रीपॉइंट असू शकतात व ते नोंदीच्या क्रमाने चालतात. वारशाने आलेल्या मॉड्यूलचेही चालतात, म्हणून लायब्ररी मॉड्यूलमध्ये एंट्रीपॉइंट जाहीर करू नये.

न पकडलेल्या अपवादांसाठीचा हँडलर या मेथडमध्ये बसवला, तरी त्याच मेथडच्या उरलेल्या ओळींना तो लागू होत नाही. त्यामुळे अनुभवी प्रोग्रॅमर हँडलर बसवून पुढचे सारे काम, ते थोडे पुढे ढकलणाऱ्या ‘शेड्यूलर’च्या ‘शेड्यूलडिफर्ड’कडे देतात. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. नाहीतर सुरुवातीलाच झालेली चूक हँडलरपर्यंत पोहोचत नाही.

डिसेंबर २००९ मधील २.० आवृत्तीने ‘रनअसिंक’ आणले आणि कोडचे तुकडे करून तो गरजेनुसार मागवणे शक्य झाले. तेव्हापासून एंट्रीपॉइंट हा वेगाचाही प्रश्न आहे. त्याच्यापासून थेट पोहोचता येणारा सगळा कोड पहिल्याच डाउनलोडमध्ये येतो आणि तो उतरून चालेपर्यंत वापरकर्ता ताटकळतो. पडदे, अहवाल, सर्व्हर कॉल या क्लासमध्ये कोंबू नयेत. हँडलर बसवावा, पहिला पडदा दाखवावा आणि बाकीचे ‘रनअसिंक’मागे ठेवावे.