रोजनिशीतून वगळलेली पुस्तके

अनेक वर्षांच्या खंडानंतर या पावसाळ्यात मी रोजनिशी पुन्हा लिहू लागलो, आणि पहिले पान लिहिण्यापूर्वी जुन्या वह्या चाळीत असता त्यांतील एक उणीव माझ्या ध्यानात आली. विद्यार्थिदशेपासून वाचलेल्या ग्रंथांची नोंद मी तारीखवार ठेवीत आलो होतो; परंतु बाबूराव अर्नाळकरांच्या ज्या झुंजारच्या आणि काळापहाडच्या रहस्यकथांपायी अंथरुणात कंदील लपवून रात्री जागविल्या, त्यांचा एका ओळीचाही दाखला त्या वह्यांत नाही.

रोजनिशी हा शब्दच मुळी दफ्तराचा. पेशव्यांच्या रोजनिशीत खर्च, इनामे, निवाडे, हुकूम यांची नित्य नोंद होई. मनाला तेथे जागा नव्हती. पानिपताहून जीव बचावून आलेल्या नाना फडणिसांनी आपल्या लहानशा आत्मवृत्तात स्वतःच्या भयाविषयी आणि चित्ताच्या चंचलतेविषयी जे लिहून ठेवले, ते म्हणूनच मला आश्चर्याचे वाटते: हिशेबात मुरलेल्या पुरुषाने तेथे हिशेबाबाहेरचे लिहिले आहे. मी मात्र, मन मोकळे करण्यासाठी घेतलेल्या वहीत, कारकुनासारखे केवळ प्रतिष्ठितांचेच जमाखर्च मांडले.

या महिन्यात ती वगळलेली पुस्तके मी मिळतील तेथून आणून पुन्हा वाचली, आणि त्यांची वंशपरंपरा किती जुनी आहे हे पाहून मला भरून आले. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. ती आणि तिच्यामागून आलेली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ यांनी मराठी कादंबरीच्या बाल्यावस्थेतच अद्भुताचा पाया घातला. पुढे गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना असा काही देशी पेहराव चढविला, की ‘कालिकामूर्ती’ किंवा ‘इंद्रभुवनगुहा’ वाचताना त्यांच्या मुळाची आठवणही होत नाही. वास्तवाचा आग्रह धरणाऱ्या समीक्षेने या प्रवाहाला ओसरीवरच बसविले, हा न्याय मला अपुरा वाटतो. कारण ज्यांना ग्रंथांची सवय नव्हती अशा असंख्य घरांत छापील पान प्रथम नेले ते याच कथांनी.

चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजे वाचकांचे बाबूराव अर्नाळकर, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या पुस्तकांचे आयुष्य फार अल्प असे: भाड्याने पुस्तके देणाऱ्या लहानशा वाचनालयातून एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात फिरता फिरता त्यांची मुखपृष्ठे गळत, शेवटचे पान, जेथे गुन्हेगाराचे नाव उघड व्हावयाचे, नेमके तेच नाहीसे होई, आणि मग ती रद्दीत जात. अत्यंत वाचली गेल्यामुळेच जी उरली नाहीत, त्यांच्या अभावावरून त्यांचे मोल ठरविणे अनुचित होय.

लौकिकाचा संकोच थोरामोठ्यांच्या वाट्यालाही थोडाबहुत येतोच की काय, असा विचार खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांच्या संदर्भात मनात आला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही विज्ञानकथा पाठविली ती आद्याक्षरे उलटी करून घेतलेल्या ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. त्यांचा हेतू मात्र माझ्या भित्रेपणाहून अगदी निराळा होता: आपल्या कीर्तीचे वजन परीक्षकांवर पडू नये. कथेला पारितोषिक मिळाले ते तिच्या गुणावर. वगळलेल्या पुस्तकांच्या या फेरवाचनात पुढे नारायण धारपांचे एक भयकथेचे पुस्तक वाचले आणि घरात सगळे निजलेले असता स्वयंपाकघरातला दिवा लावून आलो.

काल रात्री वहीत नवे पान काढले. डाव्या बाजूस तारीख घातली, तिच्यापुढे ‘काळापहाड’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले, आणि खाली तपशील म्हणून एवढेच: प्रत जीर्ण, शेवटचे पान शाबूत, वाचून संपली तेव्हा पावणेदोन वाजले होते.