जुन्या कार्यालयाचा अभिप्राय आड येतो तेव्हा...

मुलाखतीच्या सर्व फेऱ्या पार पडलेल्या असतात. पगाराचा आकडा ठरलेला असतो, घरी पेढेही आणून झालेले असतात. नियुक्तिपत्र 'दोन दिवसांत' मिळणार असते. पण दोन दिवसांचे दोन आठवडे होतात आणि मनुष्यबळ विभागातील अधिकारी दूरध्वनी घेईनासा होतो. अशा वेळी कारण पुष्कळदा उमेदवाराच्या पात्रतेत नसून जुन्या कार्यालयातून आलेल्या प्रतिकूल अभिप्रायात असते. उमेदवाराला मात्र तो अभिप्राय काय होता, हे बहुधा कळतच नाही.

पूर्वी ही चौकशी ओळखीपाळखीतून होत असे. आता अनेक कंपन्या हे काम पडताळणी करणाऱ्या स्वतंत्र संस्थांकडे सोपवितात. नोकरीचा कालावधी, पद, अखेरचा पगार आणि नोकरी सोडण्याचे कारण हे त्यांचे नेहमीचे प्रश्न. त्यांच्या जोडीला अनेकदा आणखी एक प्रश्न असतो : 'या व्यक्तीला पुन्हा कामावर घ्याल का?' त्याला 'नाही' एवढे एका शब्दाचे उत्तर आले, तरी वर्षानुवर्षांच्या कामावर पाणी पडू शकते.

आधी नेमके काय घडले ते पाहावे

अडचणीचा अभिप्राय तीन प्रकारचा असतो. पहिल्यात माहितीच चुकीची असते. तारखा वा पद जुळत नाही. दुसऱ्यात वरिष्ठाचे मत प्रतिकूल असते. तिसऱ्यात जुनी कंपनी काहीच बोलत नाही. या तिसऱ्या प्रकाराने घाबरून जाण्याचे कारण नाही. कालावधी आणि पद यांपलीकडे कोणाहीविषयी काही सांगायचे नाही, असे अनेक मोठ्या कंपन्यांचे धोरणच असते. नव्या कंपनीला ते धोरण समजावून सांगितले, की शंका बहुधा दूर होते.

कोणत्या मुद्द्यावर गाडी अडली आहे, हे नव्या कंपनीला सभ्य शब्दांत लेखी विचारावे. 'पडताळणीत काही विसंगती आढळली असल्यास खुलासा करण्याची संधी मिळावी', एवढे एक वाक्य पुरेसे असते. मित्राला खोट्या नावाने जुन्या साहेबांना दूरध्वनी करायला लावण्याची युक्ती मात्र टाळावी. ती उघडकीस आली, तर उमेदवाराच्या सचोटीवरच प्रश्नचिन्ह उमटते.

वस्तुस्थितीला कागद, मताला माणसे

माहिती चुकीची असेल, तर वाद न घालता कागद पुढे करावेत. नियुक्तिपत्र, पगारवाढीची पत्रे, पगारपत्रके, बँकेचे खातेउतारे आणि 'फॉर्म १६' या नावाने परिचित असलेले करकपातीचे प्रमाणपत्र यांतून नोकरीचा कालावधी आणि वेतन सिद्ध करता येते. भविष्यनिर्वाह निधीची नोंद तर विशेष उपयोगी ठरते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'यूएएन' क्रमांकामुळे सदस्याच्या निरनिराळ्या नोकऱ्यांची नोंद एकत्र दिसते. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर २०२० पासून सदस्याला ती स्वतः ऑनलाइन नोंदविता येते. त्यासाठी नोकरी सोडून दोन महिने उलटलेले असावे लागतात.

मत प्रतिकूल असेल, तर कागदांनी ते पुसले जात नाही. त्याच्या शेजारी दुसरी मते ठेवावी लागतात. ज्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केले आणि ज्यांनी आता ती कंपनी सोडली आहे असे वरिष्ठ, दुसऱ्या विभागाचे प्रमुख किंवा मोठे ग्राहक यांची नावे द्यावीत. नाव देण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी आणि नवी जबाबदारी कोणती, हेही त्यांना सांगावे. त्याच साहेबांनी पूर्वी केलेले चांगले वार्षिक मूल्यमापन हाती असेल, तर आज आलेल्या अभिप्रायाची धार आपोआप बोथट होते.

दुसऱ्याने सांगण्यापूर्वी आपण सांगावे

अभिप्राय चांगला येणार नाही याची कल्पना असेल, तर पडताळणी सुरू होण्यापूर्वीच ती द्यावी. 'शेवटच्या काही महिन्यांत कामाच्या पद्धतीवरून विभागप्रमुखांशी मतभेद झाले. त्यांचे मत प्रतिकूल असू शकेल. आधीच्या वर्षांचे मूल्यमापन सोबत जोडले आहे.' एवढेच सांगावे, त्यात निंदा नसावी. जुन्या साहेबांविषयी कटू बोलणारा उमेदवार उद्या आपल्याविषयीही असेच बोलेल, ही शंका समोरच्याच्या मनात डोकावतेच. ती नोकरीच अर्जातून गाळण्याचा मोहही टाळावा. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत ती सापडली, की मतभेदाची साधी गोष्ट लपवाछपवीची होऊन बसते.

जुन्या कंपनीशी पत्रव्यवहार करायचा, तर तो नाराज साहेबांशी न करता मनुष्यबळ विभागाशी करावा आणि मागणी मर्यादित ठेवावी. स्तुती मागू नये. कालावधी आणि पद यांची अचूक माहिती द्यावी, एवढेच मागावे. नोटीस कालावधीची रक्कम, लॅपटॉप वा ओळखपत्र यांवरून कार्यमुक्तीचे पत्र अडले असेल, तर तो हिशेब आधी मिटवून पोच घ्यावी.

कायद्याचा आधार किती?

खासगी नोकरीत चांगला अभिप्राय मिळवून देणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील केंद्राच्या आदर्श आदेशांत कायम कामगाराला सेवा संपताना सेवा प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने त्या कायद्याची जागा घेतली असून, तिच्यातील स्थायी आदेशांच्या तरतुदी ३०० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहेत. व्यवस्थापकीय पदांवरील नोकरदार तिच्या 'कामगार' या व्याख्येत येत नाहीत. त्यांची भिस्त मुख्यतः नियुक्तिपत्रातील अटींवर असते.

अभिप्राय धादांत खोटा आणि बदनामीकारक असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे. मात्र स्वतःच्या वा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाला त्यात अपवाद आहे. त्यामुळे केवळ कठोर मत दिले म्हणून मालक दोषी ठरत नाही. ब्रिटनमध्ये 'स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स' या खटल्यात १९९४ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, माजी कर्मचाऱ्याविषयी अभिप्राय देताना वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य मालकावर असते, असा निर्णय दिला. तो भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही.

न्यायालयाची वाट लांबची असते आणि नवी नोकरी तोवर थांबत नाही. म्हणून वकिलाची नोटीस हा शेवटचा उपाय मानावा. माहिती खोटी असल्याचा लेखी पुरावा असेल, तरच त्या वाटेने जावे.

खरी तयारी राजीनाम्याच्या दिवशीच करायची असते. राजीनामा स्वीकारल्याचे पत्र, अनुभव प्रमाणपत्र आणि देणे बाकी नसल्याचा दाखला कार्यालय सोडण्यापूर्वी मागावा. कार्यालयाच्या ई-मेलवर आलेले नियुक्तिपत्र, पगारपत्रके आणि स्वतःच्या मूल्यमापनाच्या प्रती नियमानुसार मागून घ्याव्यात. कारण ते ई-मेल खाते बंद झाल्यावर हेच कागद मिळविण्यासाठी, ज्यांच्याशी बिनसले त्यांच्याच दारात उभे राहावे लागते.