वुड, एब्रम
(? – नोव्हेंबर १७९९). वेल्समधील रोमानी वुड घराण्याचा मूळपुरुष. वायव्य वेल्सच्या किनाऱ्यावर, ल्विनग्विरिल गावाजवळील लानगेलिनिनच्या जुन्या चर्चमध्ये त्याचे दफन झाले. दफनाच्या नोंदवहीत त्याला ‘फिरस्ता इजिप्शियन’ म्हटले आहे. रोमानी लोक मूळचे इजिप्तचे, या युरोपातील जुन्या समजुतीतून हा शब्द रूढ झाला. ‘जिप्सी’ हे त्याचेच झिजलेले रूप.

जीवन : अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो कुटुंबासह इंग्लंडमधून वेल्समध्ये आला. वेल्समध्ये फिडल प्रथम त्याने आणले असे वंशज सांगत. गुरांच्या गोठ्यात त्याला मृत्यू आला, तेव्हा तो शंभरीचा होता, ही परंपरागत माहिती आहे. पत्नी सारा.

संगीत : वंशजांनी फिडलबरोबर वेल्श हार्पही आत्मसात केले. आईकडून याच घराण्यातल्या जॉन रॉबर्ट्स (१८१६–९४) याने १८८९ मध्ये राणी व्हिक्टोरियापुढे मुलांसह वादन केले.

भाषा : घराण्याचे खरे महत्त्व येथे आहे. इंग्लंडमधील रोमानी बोलीचे व्याकरण लोपून इंग्रजी वाक्यांत विखुरलेले शब्द तेवढे उरले होते. वुड घराण्याने मात्र विभक्ती आणि क्रियापदांची रूपे टिकवली. लिव्हरपूलचे ग्रंथपाल जॉन सॅम्प्सन (१८६२–१९३१) यांची १८९४ मध्ये बाला येथे एडवर्ड वुड या हार्पवादकाशी गाठ पडली. त्यानंतर तीन दशके खपून त्यांनी या बोलीचे व्याकरण व शब्दसंग्रह सिद्ध केला (१९२६). या बोलीतील ‘पानी’, ‘नाक’, ‘कान’, ‘चोर’, ‘मानुश’, ‘गाव्’ हे शब्द मराठी वाचकाला ओळखीचे वाटतील. ‘द्रोम’ (रस्ता) हा शब्द ग्रीक भाषेतून आला असून तो भारताकडून युरोपाकडे झालेल्या प्रवासाची खूण आहे.

मूल्यमापन : रोमानी भाषेचे भारतीय मूळ दाखवणारा ग्रेलमान यांचा जर्मन ग्रंथ १७८३ मध्ये, तर इंग्रजी अनुवाद १७८७ मध्ये निघाला होता. बारा वर्षांनीही खेड्यातील नोंदवहीत ‘इजिप्शियन’च लिहिले गेले. त्या शब्दाला एब्रमच्या कुळाचा पुरावा मानू नये. तो पुरावा त्याच्या नातवंडा-पतवंडांच्या बोलीत आहे. वेल्श लोक पुढे सर्वच जिप्सींना ‘एब्रम वुडचे कुटुंब’ म्हणू लागले.