नागपूरच्या घरांतले मुलांचे लाकूडसामान

नागपूरच्या महाल, इतवारी या जुन्या वस्त्यांतल्या वाड्यांत मुलांची म्हणून वेगळी खोली नसे. मुलांसाठी घडवलेले लाकूडसामान मात्र बहुतेक घरांत असे. पाळणा, पांगुळगाडा, जेवायला बसायचा लहान पाट आणि तान्ह्या पोळ्याचा चाकांवरचा नंदी एवढाच त्याचा पसारा. यातली प्रत्येक वस्तू मुलाच्या एका वयापुरती वापरात राही. ते वय सरले की ती माळ्यावर चढे, नाहीतर नात्यातल्या दुसऱ्या घरी जाई. त्यामुळे एकाच पाळण्यात आजी, तिची मुले आणि नातवंडे वाढल्याची उदाहरणे विदर्भात आजही सापडतात. मुलाच्या नावावर पलंग, टेबल, कपाट अशी अख्खी खोली सजवण्याची रीत त्यामानाने फार अलीकडची आहे.

हे सामान इतके टिकले याचे मुख्य कारण लाकूड. आल्लापल्लीच्या जंगलातला साग बल्लारपूरच्या आगारात येतो आणि तिथून देशभर जातो. दिल्लीच्या २०२३ साली उघडलेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहूनच गेले. नागपूर शहरात लाकडाचा व्यापार ज्या भागात वसला, त्याचे नावच लकडगंज. सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून वाळवी त्याला सहसा लागत नाही. नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो आणि पाठोपाठ पावसाळ्याची ओल येते. अशा हवेत इतर लाकूड वाकते, तडकते. मुरलेला साग जागच्या जागी राहतो. साग ज्यांना परवडत नसे त्यांचे काम आंब्यावर किंवा बाभळीवर भागे. बाभूळ चिवट असल्याने चाकांसाठी ती सागाहूनही बरी समजली जाई.

मुलांच्या या सामानात मानाची वस्तू म्हणजे पाळणा. तो बहुधा बाळाच्या आजोळाहून येई. चौकटीच्या चार कोपऱ्यांना कातीव खांब, बाजूंना कातलेल्या बारीक दांड्यांचे कठडे, वर कड्या आणि त्या कड्यांतून आढ्याला बांधलेले दोर किंवा साखळ्या, अशी त्याची रचना असे. कातारी कातयंत्रावर दांडी फिरवत ठेवून तिच्यावर लाखेची कांडी टेकवी. घर्षणाने लाख वितळे आणि रंग लाकडावर चढे. लाल, पिवळा, हिरवा असे हे पट्टे ब्रशाने दिलेल्या रंगाहून जास्त टिकतात. लाखकाम केलेल्या लाकडी वस्तूंसाठी महाराष्ट्रात सावंतवाडीचे नाव मोठे आहे. पाळण्याच्या मधोमध चिमणाळे, म्हणजे रंगीत लाकडी पक्ष्यांचे झुंबर, टांगत. पाठीवर निजलेल्या बाळाची नजर अशा रंगीत, हलत्या वस्तूवर स्थिरावते. आज दुकानांत विकली जाणारी बॅटरीवर फिरणारी खेळणी त्याच गरजेतून आली आहेत.

बाराव्या दिवशी बारसे होई. बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला टोपडे घालून तो पाळण्याखालून-वरून फिरवायचा, म्हणजे बाळ त्या दगडासारखे दणकट होईल, अशी समजूत होती. रिकामा पाळणा हलवू नये हा दंडकही घरोघर पाळला जाई.

पाळणा हे ऐपत असलेल्या घरचे सामान होते, हे विसरून चालणार नाही. विदर्भातली बहुसंख्य मुले जुन्या लुगड्याच्या झोळीत वाढली. कापूस वेचणारी बाई धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधे आणि ओळीच्या टोकाशी आली की तिला एक झोका देऊन पुढे जाई. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली आणि बाया गिरणीच्या कामाला जाऊ लागल्या. शेतातली झोळी यंत्राशेजारी बांधता येण्यासारखी नव्हती. लहान मुलांना कामाच्या जागी सांभाळण्याची सोय कायद्याने देशभर बंधनकारक व्हायला स्वातंत्र्यानंतरचा १९४८ चा कारखाना कायदा यावा लागला. पन्नासाहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर हवे, असे त्यात आले. पुढे ही मर्यादा तीसवर आणली गेली.

पांगुळगाडा हे सुताराचे तासाभराचे काम, पण त्यात डोके होते. तीन चाके, वर निमुळती होत गेलेली चौकट आणि धरायला आडवी दांडी. दांडीची उंची मुलाच्या छातीशी येईल इतकी ठेवायची आणि चाके मुद्दाम थोडी घट्ट बसवायची, म्हणजे गाडा हातातून पळत नाही. मूल त्यात बसत नाही. ते स्वतःच्या पायांवर उभे राहून गाडा ढकलते. नंतर आलेल्या गोल बैठकीच्या वॉकरमध्ये हेच उलटे झाले. मूल लोंबकळत बसते आणि चाके त्याला नेतील तिकडे जाते. जिन्यावरून पडण्याचे अपघात इतके झाले की कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आणि जुने वॉकर विकायलाही मनाई केली. या बाबतीत गावच्या सुताराची समज कारखान्यापेक्षा सरस होती.

नागपूरची खरी खासियत मात्र नंदी. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा भरतो आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. ही प्रथा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली सुरू केली, असे परंपरा सांगते. शेतीचा आणि बैलांचा लळा मुलांना लहानपणीच लागावा, हा तिच्यामागचा हेतू सांगितला जातो. महालातल्या भोसल्यांच्या वाड्यातला भलामोठा लाकडी नंदी आजही त्या दिवशी पाहायला मिळतो. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळाही मोठमोठ्या नंदींसाठी प्रसिद्ध आहे. घरगुती नंदी वीतभर उंचीपासून मूल वर बसू शकेल एवढ्या आकारापर्यंत असतो. वशिंड आणि मानेचा बाक शक्यतो एकाच ओंडक्यातून काढतात, शिंगे आणि कान वेगळे करून खाचेत बसवतात आणि खाली चाकांची पाटी जोडतात. सणाच्या दिवशी त्याला झूल, बाशिंग, घुंगरांची माळ चढते. पोळा फुटला की मुले त्याला दोरीने ओढत घरोघर जातात आणि बोजारा मागतात. कोणाच्या हाती नाणे पडते, कोणाच्या हाती खाऊ. दरवर्षी नवा रंग चढत गेलेला आजोबांच्या वेळचा नंदी हा विदर्भातल्या अनेक कुटुंबांचा सर्वांत जुना लाकडी ऐवज असतो, आणि एरवी वर्षभर तो बैठकीत खेळण्याचे काम करत उभा असतो.

मुलाच्या मापाची खुर्ची आणि टेबल ही कल्पना बाहेरून आली. इंग्रजी अमदानीतल्या शाळांनी लांबलचक बाके आणली. उतरती फळी, दौतीसाठी भोक आणि मुलाने हलू नये अशी सगळी मांडणी. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले तेव्हा नेमका या जड बाकांवरच आक्षेप घेतला. मुलाला स्वतः उचलता येईल इतकी हलकी खुर्ची त्यांनी करून घेतली. मराठी मुलुखात हा विचार रुजवला ताराबाई मोडकांनी. लग्नानंतर काही काळ त्या अमरावतीला होत्या, पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून त्यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे केंद्र काढले. महागडी साधने खेड्याला परवडत नाहीत हे पाहून त्यांनी शिंपले, बिया, पाने यांवर शिकवणे उभे केले आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आजच्या अंगणवाडीची कल्पना तिथली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने ती देशभर पोचवली.

घरात बदल शिरला तो लाकूड महागल्यावर. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जंगलतोडीवर आणि आरागिरण्यांवर कडक निर्बंध आले. त्याच सुमारास साच्यातली प्लास्टिकची खुर्ची स्वस्त झाली होती आणि प्लायवुडवर सनमायका चिकटवून देणारे कारागीर गल्लोगल्ली दिसू लागले होते. वर्धा रोड, मनीषनगर, बेसा या भागांत फ्लॅट उभे राहिले, दोन खोल्यांपैकी एक मुलांची ठरली आणि तिच्यात दुमजली पलंग, अभ्यासाचे टेबल, भिंतीतले कपाट बसले. हे सामान मापात बसते आणि जागा वाचवते. पण त्यातला भुशाचा बोर्ड ओल धरून फुगतो, एकदा उकलला की पुन्हा जोडता येत नाही आणि मूल मोठे होण्याआधीच बरेचदा टाकून द्यावा लागतो. टिकण्याच्या कसोटीवर तो जुन्या सागापुढे उभा राहत नाही.

जुना पाळणा पुन्हा वापरात आणायचा तर दोन गोष्टी तपासाव्यात. कठड्याच्या दांड्यांमधले अंतर सहा सेंटिमीटरहून जास्त नसावे. अंतर मोठे असेल तर बाळाचे अंग त्यातून निसटून डोके अडकू शकते. दुसरी गोष्ट रंगाची. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. असा रंग घरात कोरडा घासू नये, कारण त्याची धूळच मुलाच्या पोटात जाते. वापरण्याऐवजी विकायचे ठरले, तर सागाचे जुने सामान घेणारे दलाल लाकडाचे वजन पाहतात, कोरीव काम पाहतात, पण वस्तू कोणाच्या घरची, कोणत्या सुताराच्या हातची हे पुढे कोठेच नोंदले जात नाही. म्हणून पाळणा किंवा नंदी विकायला काढण्याआधी निदान त्याचे छायाचित्र, माप, लाकूड आणि घडवणाऱ्याचे नाव घरातल्या जाणत्या माणसाला विचारून लिहून ठेवावे.