पऱ्हाटीच्या वाटेनं आलेली नोकरी

राजापेठेतलं संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेलं पोरगं ‘संशोधनात नोकरी कुठं?’ असं विचारतं, तेव्हा त्याला पुण्या-मुंबईचे पत्ते मिळतात, फार तर कोलकात्याचा. या नोकरीची एक जुनी वाट वऱ्हाडच्या पऱ्हाटीतून गेली आहे, हे अमरावतीत फारसं कुणी सांगत नाही.

सुरुवातीला विद्यापीठांकडे अशी पदं जवळपास नव्हतीच. कोलकाता विद्यापीठाचं संख्याशास्त्रातलं एम.ए. १९४१ चं, पुणे विद्यापीठाचा विभाग १९५३ चा. पैसा होता तो कापसात. भारतीय मध्यवर्ती कापूस समिती १९२१ मध्ये स्थापन झाली आणि १९२३ च्या कायद्यानं तिच्यासाठी गाठीमागे उपकर बसला. त्यावर इंदूरच्या संशोधन संस्थेसारखी केंद्रं चालली. दोन वाणांत सरस कोणतं हे ठरवायचं, तर आकड्यांचा जाणकार हवाच.

इंदूरचे व्ही. जी. पानसे आणि मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शेती खात्यातले आर. जे. कळमकर हे असे जाणकार. कळमकरांनी इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड केंद्रात काम केलं होतं. बटाट्याच्या वाफ्यांतल्या प्रयोगत्रुटींवरचा त्यांचा निबंध १९३२ चा.

तोवर पिकाचा अंदाज म्हणजे आणेवारी. पटवाऱ्यानं शेतावर नजर टाकायची, पीक किती आणे ते सांगायचं, आणि ठरीव सरासरीला त्यानं गुणायचं. नजर बहुधा हात राखूनच. चाळीसच्या दशकाच्या आरंभी पानसे-कळमकरांनी अकोला जिल्ह्यात दुसरा मार्ग धरला: यदृच्छेनं गावं निवडायची, त्यांतली शेतं निवडायची, शेतात ठरल्या मापाचा तुकडा आखायचा आणि त्यातला कापूस तोलायचा. गहू एकदा कापला की काम संपतं. कापसाच्या वेचण्या मात्र तीन-चार, म्हणून त्याच तुकड्यावर पुन्हा पुन्हा जाणं आलं. १९४४ मध्ये दोघांनी ‘करंट सायन्स’मध्ये पीक-अंदाजाच्या या पद्धतीवर लिहिलं.

तुकडा केवढा असावा, यावर पुढं चांगलंच वाजलं. कोलकात्याचे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे मोठ्या तुकड्यांचे. लहान तुकड्यात काठावरची झाडं आत ओढली जातात आणि उतारा फुगतो, हा त्यांचा आक्षेप. शेतात दोरी धरलेल्या कोणालाही तो पटेल.

सुखात्मे १९४० मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत आले. त्यांच्या हाताखाली तिथली संख्याशास्त्र शाखा प्रशिक्षणाचंही केंद्र झाली. १९५१ मध्ये ते रोमला अन्न व कृषी संघटनेत गेले आणि त्यांच्या जागी पानसे आले. दोघांचं शेती संशोधकांसाठीचं पाठ्यपुस्तक १९५४ मध्ये निघालं. त्या शाखेची स्वतंत्र संस्था झाली १९५९ मध्ये. त्या वेळी केंद्रात कृषिमंत्री होते अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख.

त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये अकोल्यात उभं राहिलं. तिथं अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र एकाच विभागात शिकवतात. दिल्लीच्या त्या परिषदेच्या संस्थांत कृषी संख्याशास्त्राचा शास्त्रज्ञ व्हायचं, तर आता कृषी वैज्ञानिक भरती मंडळाची परीक्षा द्यावी लागते.